उतारावरची घरं

३ मार्च

प्रिय वन्सं,

तू माझ्याहून लहान, तरी मी तुला वन्सं म्हणते. मान म्हणून नव्हे, तू चिडतेस म्हणून. आज मात्र चिडवायला लिहीत नाही. गावात चालू फोन एकच, तो बस थांब्यावर, आणि तिथे बोललं की अख्ख्या गावाला ऐकू जातं. म्हणून पत्र.

शाळेची मागची भिंत पुन्हा तडकली. मागच्या वर्षी तुझ्या दादाने भेग बुजवली होती, तिच्या शेजारीच नवी पडली आहे, हात आत जाईल एवढी. गेल्या आठवड्यात पालकांची सभा झाली. शाळेच्या मोठ्या बाई, ज्यांच्या हाताखाली तू शिकलीस, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वाळू जास्त आणि सिमेंट कमी, दुसरं काय! पोरांच्या जिवाशी खेळ आहे हा." भिंतीसाठी बोलावलेला तुझा दादा मागच्या बाकावर बसला होता. ज्याने ती भिंत बांधली त्या गवंड्याला तिथेच बसवून हे बोलणं. तो सभेतून उठला. घरी आला, थापी, ओळंबा, रंधा सगळं धुतलं, पोत्यात बांधलं आणि पलंगाखाली सरकवलं. तेव्हापासून कामावर गेलेला नाही.

बाई एकट्याच असत्या तर सोडून दिलं असतं. गिरणीवाल्याचा ओटा खचला, टपालवाल्याची पायरी भिंतीपासून सुटली. गावातली बहुतेक घरं याच्या हातची, त्यामुळे बहुतेक बोटं याच्याकडे. दवाखान्याची नवी खोली बांधायला परवा खालच्या शहरातला माणूस आला. तो आमच्या दारावरून विटा घेऊन गेला तेव्हा हा खिडकीत उभा होता.

तुझ्या ओळखीत कुणी बांधकामवाला आहे का? देखरेखीचं काम मिळालं तरी चालेल. इथे राहिला तर हा माणूस आतल्या आत कुढत जाईल. मी लिहिलंय हे त्याला सांगू नकोस. बाकी सगळं ठीक. आपल्या मागच्या दारालाही काहीतरी झालंय, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. मी रोज त्याच्याशी कुस्ती खेळते.

तुझी वहिनी


१९ मार्च

वहिनी,

दादाच्या कामाचं विचारते आहे. पण त्याआधी तू माझी काही कामं कर, आणि का ते विचारू नकोस.

शाळेची भेग उभी आहे, आडवी आहे की पायऱ्यापायऱ्यांनी तिरपी जाते? गिरणीचा ओटा कुठल्या बाजूला खचला, दरीच्या की डोंगराच्या? विजेचे खांब सरळ आहेत का? वरच्या झऱ्याचं पाणी जिथे यायचं तिथेच येतं ना? आणि मागचं दार कधीपासून अडकतं?

तू नेहमी विचारतेस, तिथे बसून तू नक्की करतेस काय. ऐक. आमचा उपग्रह ठरावीक दिवसांनी त्याच वाटेने त्याच जागेवरून जातो आणि खाली रडारच्या लहरी सोडतो. ढग असो, अंधार असो, त्याला फरक पडत नाही. लहर जमिनीला लागून परत येते. मागच्या फेरीतली आणि या फेरीतली, अशा दोन लहरी शेजारी ठेवल्या, की मधल्या काळात जमीन हलली असली तर कळतं. बोटाच्या नखाएवढी हलली तरी. खाणी, धरणं, मोठे रस्ते अशा जागांवर आम्ही असे डोळे लावून बसतो. आपलं खोरं आमच्या कामात कधी नव्हतं. आता आहे. मी साहेबांना सांगून ते घ्यायला लावलं.

दादाला काही बोलू नकोस. कदाचित काहीच नसेल.

तुझी नणंद


६ एप्रिल

प्रिय वन्सं,

तू भेगांची चौकशी अशी केलीस जशी सासू नव्या सुनेच्या माहेरची करते! तरी केलं तुझं काम. हातात पिशवी घेऊन गावभर हिंडले. टपालवाल्याची बायको म्हणाली, "आज काय, कुणाचं लग्न जमवताय?"

शाळेची भेग तिरपी, पायऱ्यापायऱ्यांनी. गिरणीचा ओटा दरीकडे. गिरणीखालचे दोन खांब दरीकडे कलले आहेत आणि तारा ताणून बसल्या आहेत. रस्त्याच्या कडेची दगडी भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली आहे, आणि वन्सं, ती भिंत तुझ्या दादाने नाही बांधली, रस्तेवाल्यांनी बांधली. झरा जुन्या जागी आटला. आता बराच खाली, गावाच्या वरच्या अंगाला झाडीत राहणाऱ्या वनरक्षक आजोबांच्या परसात फुटतो. आजी खूश आहेत, त्यांची चढण वाचली. मागचं दार गेल्या पावसापासून अडकतं.

लिहिता लिहिताच माझा हात थांबला. एकेक गोष्ट वेगळी दिसत होती तोवर काही वाटलं नाही. एका कागदावर आल्या आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला दिसली.

मला लहान मुलीसारखं सांभाळू नकोस. काय दिसतंय तुला तिकडे?

तुझी वहिनी


२४ एप्रिल

वहिनी,

डोंगर सरकतो आहे.

शाळेच्या वरपासून खाली गिरणीपर्यंतचा अख्खा उतार. आजचं नाही. साठ्यात नुसती पडून असलेली जुनी चित्रं काढून बघितली, कितीतरी वर्षांपासून तो थोडा थोडा खाली येतो आहे. वर्षाला एखाद्या बोटाच्या रुंदीएवढा. गेल्या पावसानंतर मात्र चाल वाढली. असे उतार कधी शंभर वर्षं नुसते रांगतात, कधी एके दिवशी उठून धावतात. कुठला केव्हा काय करील हे छातीवर हात ठेवून कुणी सांगत नाही. मीही सांगू शकत नाही.

दादाला हे वाचून दाखव. शाळेची भिंत त्याच्या हातून चुकलेली नाही. ओटा नाही, पायरी नाही, काहीच नाही. खालची जमीन चालत असली तर वर कुणीही बांधलेलं तडकणारच. आणि अजून एक सांग. झाडीवरून आमच्या लहरी नीट परत येत नाहीत, गोंधळ होतो. चांगल्या परत येतात त्या पत्र्यांवरून, भिंतींच्या कोपऱ्यांवरून. माझ्या पडद्यावर आपला उतार म्हणजे काळोखात पसरलेले ठिपके आहेत, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक ठिपका दादाने बांधलेलं एक घर आहे. डोंगर सरकतो हे मला त्याच्या घरांनीच सांगितलं.

साहेब म्हणाले होते, अहवाल जाईपर्यंत घरीही बोलायचं नाही, अर्धवट बातमीने माणसं भलतीकडे पळतात. त्यांचं चूक नाही. तरी मी लिहितेय. अहवाल महिन्याभरात निघेल. तुम्ही दोघं त्याआधी इकडे या. माझ्या दोन खोल्या आहेत, तिघांना पुरतील.

तुझी नणंद


१२ मे

प्रिय वन्सं,

वाचून दाखवलं. त्याने पत्र माझ्या हातातून घेतलं, स्वतः पुन्हा वाचलं. म्हणाला, "म्हणजे माझं काम बरोबर होतं." चेहरा असा उजळला की मला लग्नानंतरचे दिवस आठवले. मग अंगणात गेला आणि बराच वेळ समोरच्या घरांकडे बघत राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "म्हणजे हे सगळंच जाणार."

यायचं म्हणतेस. मी विचारलं त्याला. तो म्हणाला, "तू जा." मी म्हटलं, "शेजारीण दोरीवर कपडे वाळत घालत असताना मी तिच्यासमोरून बोचकं घेऊन बसमध्ये चढू? आणि ती कुठे चाललात म्हणाली, तर काय सांगू, नणंदेकडे हवापालटाला?" तेव्हा आम्ही थांबतो आहोत. तुझा अहवाल येऊ दे. जे सगळ्यांचं ते आमचं.

रागावू नकोस. तुझी काळजी कळते मला.

तुझी वहिनी


१६ जून

वहिनी,

घाईत लिहिते. नोटीस पोचली असेल. गेल्या दोन फेऱ्यांत चाल दुप्पट झाली. पावसाने जोर धरला तर आठवड्याभरात काहीही होऊ शकतं असं मीच लिहून दिलं आणि साहेबांनी सही केली. खालच्या शहरात शाळेच्या इमारतीत तुमची सोय केली आहे. कुणी मागे राहता कामा नये. वनरक्षक आजोबा-आजींनाही घेऊन जा, दादाचं ते ऐकतात.

पोचलात की कळव.

तुझी नणंद


२५ जुलै

प्रिय वन्सं,

आम्ही घरी परत आलो. सगळेच आले. शाळेच्या वर्गात चटया टाकून माणसं किती दिवस राहणार? पाऊस नुसता भुरभुरला, डोंगराचा एक खडा हलला नाही. अहवालानंतर गावात आलेले मोजणीवाले म्हणाले चाल पुन्हा मंदावली. गिरणीवाल्याचं धान्य भिजून कुजलं, टपालवाल्याची गाय व्याली तेव्हा जवळ कुणी नव्हतं, वासरू गेलं.

चांगली बातमी सांगते. अहवाल गावात वाचला गेला त्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या होत्या. दारातच म्हणाल्या, "मी चारचौघांत बोलले, तेव्हा माफीही चारचौघांत मागते, चला." आणि खरंच, भर चौकात मागितली. तुझ्या दादाला कुठे बघू नि कुठे नको असं झालं. परवा पोतं पलंगाखालून निघालं. आता शाळेच्या भिंतीला टेकू देतोय आणि काम करताना गुणगुणतो. किती वर्षांनी!

लोक तुझ्याबद्दल काही बोलत नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी वहिनी


११ ऑगस्ट

वहिनी,

"लोक काही बोलत नाहीत" हे वाक्य तू न विचारता लिहिलंस, म्हणजे काय काय बोलतात ते मला कळलं. बोलू देत. वासराचं वाईट वाटलं. धान्याचंही.

पण आता ऐक. काल नवं चित्र आलं आणि त्यात आपल्या उताराचा वरचा भाग दिसत नाही. म्हणजे डोंगर आहे, पण मागच्या चित्राशी तो जुळतच नाही. एवढ्या थोड्या दिवसांत तिथली जमीन इतकी बदलली की यंत्राला ओळख पटेना. आजवर ठिपके किती सरकले ते मी मोजत होते. आता वरचे ठिपकेच हरवले. जूनमध्ये असं नव्हतं. जूनमध्ये मी घाबरले होते, आज माझी खात्री आहे.

इशारा निघाला आहे. बस थांब्यावरच्या फोनवर मी कालपासून करतेय. एकदा कुणीतरी उचलला, माझं नाव ऐकलं आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र दवाखान्याच्या गाडीबरोबर पाठवतेय. दादाला सांग, गुरं सोड, सामान सोड, माणसं काढ. कशीही काढ.

तुझी नणंद


२ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

आम्ही जिवंत आहोत हे तुला कळलंच आहे. बाकीचं आज लिहितेय, कारण तुझा दादा स्वतः कधी सांगणार नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस होता. दवंडी पिटली, भोंगा वाजला, कुणी उठेना. गिरणीवाला म्हणाला, "एकदा वेड्यासारखे पळालो, पुन्हा नाही." तुझा दादा घरोघर गेला. तुझं पत्र दाखवलं, हातापाया पडला. सगळ्यांचं उत्तर एकच, "तुझ्या बहिणीची नोकरी चालायला आम्ही किती वेळा चटईवर झोपायचं?"

दुपारी तो परत आला. ओलाचिंब. पाणी प्यायला आणि मला म्हणाला, "यांचा डोंगरावर विश्वास आहे." मग ओला सदरा पिळत म्हणाला, "माझ्यावर नव्हता." मला काहीच कळलं नाही. तो उठून बाहेर गेला, आणि बऱ्याच वेळाने शाळेत जाऊन त्याने घंटा बडवली. काय झालं म्हणून सगळे जमले. मीही धावत गेले.

तो पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमचंच खरं होतं. मी सिमेंट खाल्लं. शाळेत खाल्लं, गिरणीत खाल्लं, जे जे घर बांधलं त्याच्या पायात खाल्लं. अब्रू वाचवायला बहिणीकडून डोंगराची गोष्ट लिहून आणली. हा पाऊस थांबला नाही तर आज रात्री एकही भिंत उभी राहणार नाही. मेलात तर पाप माझ्या माथी. बाहेर पडा."

वन्सं, टपालवाल्याने त्याची गचांडी धरली. कुणी थोबाडीत मारली, कुणी चिखल फेकला. शेजारीण, जिच्या कपड्यांच्या दोरीचं मी तुला लिहिलं होतं, ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू आमच्यात उठत-बसत होतीस!" मी ओरडणार होते की हा खोटं बोलतोय. त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी कधी विसरणार नाही. मी तोंड मिटलं आणि खाली मान घातली, जणू मलाही सगळं माहीत होतं.

पण लोक निघाले! डोंगरासाठी जे उठले नाहीत ते कच्च्या भिंतीसाठी उठले. पोरं काखेत मारली, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, शिव्या देत देत खालच्या शहराकडे चालू लागले. तिथे पोचल्यावर आधी पोलिसांत तक्रार लिहून दिली. तुझ्या दादाला बाकावर बसवलं. आम्ही चौकीतच होतो तेव्हा तो आवाज झाला. ढगांचा वाटला, पण थांबेना. सगळे बाहेर धावले. आपला उतार जिथे होता तिथे धूर उठावा तशी माती उठत होती, एवढ्या पावसात. शाळा नाही, गिरणी नाही, आपलं घर नाही.

कुणी रडलंही नाही लगेच. माणसं मोजत सुटले. सगळी होती. फक्त वनरक्षक आजोबा आणि आजी नव्हते.

तुझा दादा पायरीवर बसून होता, तोंडावर त्यांनी फेकलेला चिखल तसाच. बाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या. पदराने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "खोटं बोललात ना?"

तो म्हणाला, "बाई, आता भिंतच राहिली नाही. कशाला विचारता?"

तुझी वहिनी


९ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि उठून जिन्यात जाऊन बसले.

दादावरची तक्रार अजून चौकीत आहे ना? मी सगळी मोजमापं, सगळी चित्रं साहेबांच्या सहीने पाठवतेय. वर्तमानपत्रातही देते. त्याने काय केलं ते सगळ्यांना कळलं पाहिजे.

आणि तुला एक सांगायचं राहिलं. त्या दोघांचं घर माझ्या पडद्यावर कधीच नव्हतं. जुनं, लाकडी, वर झाडांची दाटी. तिथून एकही लहर धड परत आली नाही. मी सगळ्या उतारावर बोट ठेवून किती सरकला ते सांगत होते, आणि त्यांच्या जागी नुसता काळा डाग होता. मी तो डोंगराचाच भाग समजून चालले.

दादाला विचार, मी येऊ का?

तुझी नणंद


३० सप्टेंबर

छोटी,

मी पत्र लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. तुझी वहिनी शेजारी बसून शुद्धलेखन बघते आहे, म्हणजे हे किती दिवस चाललंय याचा अंदाज कर.

वर्तमानपत्रात काही देऊ नकोस. तक्रार त्यांनी आपणहून मागे घेतली. टपालवाला आला होता, नुसता माझा हात धरून उभा राहिला. काही अजून म्हणतात की मी थोडंफार खाल्लंच असेल. म्हणू देत. त्यांचं घर गेलंय, कुणावर तरी राग काढायला हवा. डोंगरावर काढता येत नाही.

आजोबा-आजींचं तुझ्या वहिनीलाही सांगितलं नव्हतं. घंटा वाजवण्याआधी मी त्यांच्याकडे जाऊन आलो होतो. त्यांचं घर मी बांधलेलं नव्हतं, त्यांच्या आजोबांनी उभं केलेलं. त्यांना मी काय सांगणार? खोटं सांगायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून खरं सांगितलं. आजोबा म्हणाले, "अरे, या घराने किती पाऊस बघितले. बस, चहा घे." आजींनी अंग पुसायला पंचा दिला. मी म्हटलं, उचलून नेतो. आजोबा हसले, म्हणाले, "मला न्यायला तुला अजून दोन माणसं लागतील." मी दोन माणसं आणायलाच शाळेत गेलो होतो, छोटी. नंतर मला त्यांनी सोडलं नाही, धरून खाली नेलं. मी ओरडत होतो, वर दोघं आहेत, वर दोघं आहेत. तुझी वहिनी बायकांबरोबर पुढे गेली होती. त्यांना वाटलं, पळून जायचं निमित्त काढतो.

ते सापडले नाहीत. आता शोधणंही थांबवलं. तुझ्या काळ्या डागाचं वहिनीने वाचून दाखवलं. तू तो तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. तुला ते दिसत नव्हते. मला दिसत होते, मी त्यांच्या हातचा चहा प्यायलो.

आता कामाचं. गावाला नदीपलीकडचा माळ मिळायचं घाटतंय. जागा सपाट दिसते. आपली जुनी जागाही बरी दिसत होती. परवा सगळे जमले होते, घरं मीच बांधायची म्हणाले. सगळ्यात आधी गिरणीवाला म्हणाला. मी म्हटलं, बांधतो, पण आधी माझी बहीण वरून बघेल. पाऊस बघेल, उन्हाळा बघेल, पुन्हा पाऊस बघेल. एकाने विचारलं, तोवर काय पत्र्याखाली राहायचं? बाई म्हणाल्या, हो, राहायचं.

माळावर एकही घर नाही, तेव्हा तुझी लहर परत यायला काहीतरी लागेल. वहिनी म्हणते, तसं तू कुठेतरी लिहिलं होतंस. पत्र्याचे त्रिकोणी कोन करून सिमेंटात रोवले तर चालतील का? चालत असतील तर माप आणि तोंड कुठल्या दिशेला ते कळव. मी उद्यापासून लागतो. दोन जास्तीचे करणार आहे, माळाच्या वरच्या कडेला, झाडीजवळ. तिकडे आजपर्यंत कुणी बघितलेलं नाही.

घाई करू नकोस. तुझं पत्र येईपर्यंत पायाची कुदळ मारणार नाही.

दादा